विटकरी धूळ

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळत आलो. टाळायला दर पावसाळ्यात नवं कारण मिळायचं. आधी नोकरी नवी होती, मग लग्न ठरलं होतं, मग मुली लहान होत्या, आणि अलीकडे ‘आता ऐकायला उरलंय कोण?’ हे कारण सापडलं होतं. ते सगळ्यांत सोयीचं. ऐकणारंच कुणी नसेल तर खरं बोलून उपयोग काय, असं स्वतःला समजावत मी वयाच्या चौऱ्याऐंशीपर्यंत येऊन पोचलो.

पण गेल्या आठवड्यात माझ्या दारात एक पिशवी आली.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी गुलमोहर होता. दोन वर्षांपूर्वी वादळात तो कलला, म्हणून महापालिकेच्या माणसांनी कापला. बुंधा तसाच राहिला. यंदा श्रावणात पाऊस लागून राहिला आणि त्या बुंध्याच्या एका अंगाला अळंबी फुटली. शेजारची सून ती खुडून माझ्याकडं घेऊन आली. “काका, तुम्ही बॉटनीचे ना? बघा की, ही खातात का? मोबाईलवर ग्रुपात फोटो टाकला तर खातात म्हणतायत.”

मी पिशवीत हात घातला. एक छत्री काढली, उलटी केली, आणि तिच्या पोटाखालच्या चुण्यांवर नजर गेली तशी ती पिशवीत परत टाकली. “टाकून दे ती,” मी म्हणालो. ते इतक्या मोठ्यानं म्हणालो की ती दोन पावलं मागं सरली.

“अहो काका, विचारलं नुसतं. ओरडताय काय एवढं?”

ती हसत गेली. मी दार लावलं, साबणानं तीनदा हात धुतले आणि खुर्चीत बसून राहिलो. शेजारच्या स्वयंपाकघरातून फोडणीचा वास येतोय का ते हुंगत. संध्याकाळी खाली उतरून कचऱ्याच्या डब्यात ती पिशवी पडलेली स्वतःच्या डोळ्यांनी बघितली, तेव्हा कुठं घरात परत आलो.

श्रावण सगळ्यांना आवडतो. ऊन येतं, जातं, पोरीबाळी झिम्मा-फुगडी खेळतात, देवळांतून घंटा वाजत राहतात. मला त्या महिन्याची भीती वाटते. नेमकं सांगायचं तर भिजलेल्या लाकडाच्या वासाची. आंबूस, थोडा पिठासारखा, थोडा तळघरासारखा असा तो वास आहे. साठ वर्षांत तीन घरं बदलली. प्रत्येक घरात पहिल्यांदा चौकटी बघितल्या, पाणी कुठं मुरतं ते बघितलं. बायको म्हणायची, “वाळवीला एवढं कोण घाबरतं?” मी तिला वाळवीच सांगितली होती.

हा वास पहिल्यांदा नाकात बसला तो एका लाकडाच्या वखारीत. स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली होती, कोल्हापूरचं संस्थान जाऊन त्याहूनही कमी. मी कुरुंदवाडच्या कुलकर्ण्यांचा मुलगा. बी.एस्सी. होऊन कोल्हापुरात एका हायस्कुलात सायन्स शिकवायला लागलो होतो. वय तेवीस. गावाच्या कडेला, आता जिथं दुकानांच्या रांगा आहेत तिथं, ती वखार होती. मालक भूपालअण्णा, जैन गृहस्थ, अंगानं बारीक आणि आवाजानं मऊ. वखारीला लागून असलेली पत्र्याची खोली त्यांनी मला भाड्यानं दिली होती.

पावसाळ्याआधी आजऱ्याकडून, राधानगरीकडून ओंडके येऊन पडायचे. आंबा, किंजळ, जांभूळ, उंबर. आषाढभर ते भिजायचे. साली फुगायच्या, काळ्या पडायच्या. मग एखाद्या सकाळी खिडकीतून बघावं तर आदल्या दिवशी मुका असलेला ओंडका अंगभर कान फुटल्यासारखा दिसायचा. पांढरे, पिवळे, बदामी कान. त्यांना मी तेव्हा ‘सुंदर’ म्हणायचो. वखारीत भुसा सगळीकडे असायचा. पायाखाली, खिडकीच्या गजांवर, माझ्या तांब्यात, मुलांच्या तपासायच्या वह्यांच्या पानांत. या भुशाची गोष्ट पुढं येईल.

तानाक्का याच वखारीच्या दाराशी बसायची. पंचगंगेच्या पलीकडं, पन्हाळ्याच्या वाटेवरच्या एका खेड्यातून ती सरपणाची मोळी घेऊन चालत यायची. वय चाळिशीच्या आतबाहेर, नवरा वारलेला, एक मुलगा. हनुवटीवर गोंदण, आवाज असा की अर्ध्या रस्त्याला ऐकू जावा. पावसाळ्यात मोळीबरोबर एक टोपली असायची. पळसाच्या पानांत गुंडाळलेली अळंबी. ती फक्त लाकडावरचीच विकायची, मातीतली नाही. “मातीचं मला कळत न्हाय, मंग इकू कशाला?” म्हणायची. तिच्याकडं ठरलेली गिऱ्हाइकं होती. वकील होते, मास्तर होते, तालमीतले पैलवान होते. दुसऱ्या कुणाची अळंबी लोक शंभरदा उलटीपालटी करून बघत, तिची डोळे झाकून नेत. तिच्याजवळ दुसरं काही नव्हतं. मोळी कुणीही विकत होतं. लोकांचा हा भरवसा तेवढा तिचा होता.

एकदा तिनं मला धरलं.

“मास्तर, तुमी कालेजात काय शिकला वं?”

“झाडंच की, तानाक्का.”

“मंग ही वळखा.” तिनं दोन्ही हातांवर दोन छत्र्या धरल्या. वरून दोन्ही सारख्याच फिकट.

मी चष्मा सावरला आणि सांगितलं की दोन्ही एकाच जातीच्या. ती इतकी हसली की वखारीतले हमाल वळून बघायला लागले. “आवं, ही एक पोटात जाती, आनि ही पोट घिऊन जाती!”

मग तिनं मला क्रम सांगितला. तो आजही पाठ आहे. आधी लाकूड विचारायचं. आंबा, उंबर, सावर असेल तर पुढं जायचं. काजऱ्यासारखं विषारी झाड असेल तर तिथूनच मागं फिरायचं. मग देठ. तिची नेहमीची अळंबी शिंपल्यासारखी, देठ एका कडेला आणि नखाएवढा आखूड. मग गळा. देठाला गळ्यात वळं असेल तर हात लावायचा नाही. मग निऱ्या. छत्रीच्या पोटाखालच्या त्या चुण्यांना ती लुगड्याच्या निऱ्या म्हणायची. त्या देठावरून खाली उतरत आल्यात का, का देठाला अडून थांबल्यात, हे ती बोटानं चाचपून सांगायची. आणि सगळ्यांत शेवटी धूळ.

“धूळ म्हणजे?”

“घरी काळा तवा हाय. प्रत्येक लाकडावरची एकेक छत्री सांच्याला त्यावर पालथी घालायची. सकाळी उचलायची. तव्यावर पांढरी धूळ पडली तर आपली. विटकरी पडली तर दुसऱ्याची.”

“दुसऱ्याची म्हणजे कुणाची?”

“ते तितं गेल्यावर कळतंय,” ती म्हणाली आणि बोट वर दाखवलं.

मी खोलीत येऊन वहीत लिहिलं, ‘ग्रामीण समजुती: तवा.’ मला गंमत वाटली होती. माझ्या टेबलावर कॉलेजचं इंग्रजी पुस्तक होतं. छत्री कागदावर पालथी घालून खाली पडणाऱ्या भुकटीच्या रंगावरून जात ओळखावी, असं त्यात एक पानभर दिलेलं होतं. ते पान मी वाचलं होतं. परीक्षेत त्यावरचा प्रश्नही सोडवला होता. पण पुस्तकातलं ते पान आणि तिचा तवा ही एकच गोष्ट आहे हे माझ्या डोक्यात आलं नाही. एक इंग्रजीत होती आणि दुसरी चुलीवरची.

(हे वाचून कुणी तवा घेऊन निघू नये. पांढरी धूळ पाडणाऱ्याही जीवघेण्या जाती असतात. तानाक्काची पारख तिच्या ओळखीच्या लाकडांपुरती होती, आणि ती पाच गोष्टी बघायची. एक नाही.)

बापूबद्दल लिहायचं तर पेन अडखळतं. तो आमच्या शाळेचा ड्रिल मास्तर. तालमीत वाढलेला, कान मोडलेले, मान खांद्यात रुतलेली. त्यानं शिट्टी मारली की शेजारच्या शाळेतली पोरंसुद्धा रांगेत उभी राहायची. त्याचं नवीन लग्न झालेलं. इंदूवहिनी इचलकरंजीच्या, भाऊ मागावर काम करणारा. बापू मला ‘कुलकर्ण्या’ म्हणायचा. नव्या गावात एकट्या पडलेल्या माणसाला त्या हाकेचा केवढा आधार होता, हे त्याला कधी कळलं नसेल.

आमच्यात एकच अडचण होती. त्याच्या घरी पंगत म्हणजे मटण, आणि मी मटण खात नव्हतो. मी आपला बाजूला दही-भाकरी घेऊन बसायचो. त्या वर्षी श्रावण लागला आणि बापूही माझ्या पंगतीला आला.

“गावाकडं आमच्या म्हातारीनं शपथ घातलीया,” तो म्हणाला, “श्रावण मोडलास तर माझं मेल्यालं तोंड बघशील. आता काय खाऊ? दोडका? दोडका खाऊन डास मरत न्हाय कुलकर्ण्या, कुस्ती लांब ऱ्हायली.”

“अळंबी खा. ती वनस्पती आहे.”

“मटणागत लागती म्हंत्यात.”

“लागू दे. रक्त नाही, हाड नाही. श्रावणात चालते. शास्त्राचा माणूस सांगतोय तुला.”

“कुठल्या शास्त्राचा? धर्माच्या का सायन्सच्या?”

“दोन्हीच्या धर.”

इंदूवहिनी चुलीपुढं हसत होत्या. “भावोजी, तुमीच आणा मग. मी तांबडा रस्सा करते. दोघं एका ताटात जेवा एकदाचं.”

तसं झालंही. श्रावणातल्या पहिल्या दोन रविवारी मी तानाक्काकडून अळंबी नेली. वहिनींनी कांदा-लसूण मसाला घालून असा रस्सा केला की डोळ्यांतून पाणी यावं. बापूनं चार भाकऱ्या मोडल्या. माझ्या पाठीत थाप मारून म्हणाला, “बामना, तुझ्या वनस्पतीनं श्रावण तारला की रं!” त्या थापेचा मला अभिमान वाटला. कुरुंदवाडला घरी कळलं असतं तर आईनं चातुर्मासात कांदा-लसूण खाल्ला म्हणून अंघोळ घातली असती. पण मी त्या घरातला झालो होतो.

तिसऱ्या रविवारी तानाक्का आली नाही. चार दिवस पाऊस थांबला नव्हता. पंचगंगेचं पाणी रस्त्यावर आलं होतं आणि पलीकडची वाट बंद होती. मी दहा वाजेपर्यंत वखारीच्या दाराशी वाट बघितली. मग माझी मीच टोपली घेतली.

वखारीच्या मागच्या कोपऱ्यात आंब्याचा जुना ओंडका होता. ‘ह्यो आंबा चांगला हाय,’ असं तानाक्काच एकदा म्हणाली होती, आणि त्यावरची अळंबी तिनं खुडलेली मी बघितली होती. त्या दिवशीही वरच्या अंगाला पांढरे शिंपले होते. पण फार थोडे, एका माणसालाही पुरले नसते. ओंडक्याच्या खालच्या अंगाला, जिथं साल सुटून लोंबत होती, तिथं दाटीनं दुसरी उगवली होती. मधाच्या रंगाची, ओली आणि चकचकीत. देठ मधोमध. देठाच्या गळ्यात पातळ वळं.

मी ते वळं बघितलं होतं. हे आज लिहितो.

आणखी लिहितो. ती एकावर एक अशी उगवली होती, त्यामुळं वरच्यांची धूळ खालच्यांच्या डोक्यावर पडली होती. विटकरी. गंजलेल्या लोखंडासारखी. तव्याची गरजच नव्हती. त्यांनी स्वतःच स्वतःचा रंग सांगितला होता. मी काही क्षण त्या धुळीकडं बघत बसलो. मग मी स्वतःला म्हणालो, भुसा आहे. करवतीचा भुसा. वखारीत भुसा नसेल तर काय असेल? ओंडका तोच, आंबा चांगला, मग एका अंगाची चांगली आणि दुसऱ्या अंगाची वाईट कशी असेल? मी खिशातला रुमाल काढला आणि एकेक छत्री पुसली. भुसा झटकला की उडतो. हा उडाला नाही. रुमालाला लागला.

टोपली भरली.

“भावोजी, आज रंग निराळाच दिसतोय,” वहिनी म्हणाल्या.

“पाऊस फार झाला की रंग धरतात.”

“तानाक्कानंच दिली न्हवं?”

“हो.”

हे पहिलं खोटं. तेव्हा कुणी मेलेलं नव्हतं, कुणी विचारपूस करत नव्हतं. वहिनींनी निश्चिंत व्हावं आणि चूल पेटावी, एवढ्यासाठी मी ते बोललो. आमच्याकडं सगळेच करतात तशी वहिनींनी लसणाची अख्खी पाकळी आत टाकली. ती काळी पडली नाही. “बघा, चोख हाय,” म्हणाल्या. त्या लसणाला विषाचं काही कळत नाही, हे मी पुढं वाचलं. मसाला पडला, कट वर आला, आणि त्या तिखटात कशाची चव कशाची हे देवालाही कळलं नसतं.

पंगतीत मी माझ्या वाटीतले पांढरे तुकडे वेचून खाल्ले. मधाळ रंगाचे दोन-तीन तोंडात गेले असतील. बाकीचे वाटीच्या कडेला सारले.

“काय रं, आज गिळत न्हाय?”

“पोट जरा जड आहे.”

“आण हिकडं.” बापूनं माझी वाटी स्वतःच्या ताटात उपडी केली.

मला शंका होती. मी बोललो नाही. शास्त्राचा माणूस चुकला असं दिसलं असतं. इतकंच कारण होतं. साठ वर्षं त्याच्यामागं दुसरं एखादं मोठं कारण शोधतोय, ते सापडत नाही.

संध्याकाळी आम्ही रंकाळ्यावर गेलो. तळं काठोकाठ भरलं होतं. बापू शेंगा खात होता आणि मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो. घाम येतोय का, हात पोटावर जातोय का. “माझ्या तोंडात काय शाळा दिसतीया व्हय रं?” तो म्हणाला. सात वाजले, काही झालं नाही. आठ वाजले. विष असतं तर आत्तापर्यंत दिसलं असतं, असं मी मनाशी म्हणालो आणि मला एकदम हलकं वाटलं. अशी काही अळंबी असते जी दहा-बारा तास गप्प बसते, आणि तिचा गप्प बसण्याचा वेळ जितका लांब तितकी ती वाईट, हे मला माहीत नव्हतं.

सोमवारी पहाटे मला उलट्या सुरू झाल्या. दोनच झाल्या. तशाच अंगानं बापूच्या घराकडं पळालो तर दारात शेजारी जमले होते. पटकी आली म्हणून कुणी जवळ जाईना. बापू आणि वहिनी दोघंही पडले होते. वहिनींनी पातेल्याच्या बुडाला राहिलेला रस्सा भाकरीनं पुसून खाल्ला होता, तेवढाच. दोघांना टांग्यात घालून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी विचारलं, “काय खाल्लंत?”

“अळंबी.”

“कुठून आणलीत?”

मी दोन दिवस न झोपल्यासारखा उभा होतो. नोकरी डोळ्यांपुढं आली. पोलीस आले. कुरुंदवाड आलं. आणि वहिनींना दिलेलं उत्तर तयारच होतं. नवं खोटं बोलायचीही गरज पडली नाही. “वखारीपाशी एक बाई बसते,” मी म्हणालो. “तानाक्का.”

“थोडी उरली असेल तर आणून दाखवा.”

मी वखारीत गेलो. ओंडक्यावरची उरलेली सगळी मधाळ अळंबी नखांनी खरवडून काढली आणि गटारात टाकली. पाऊस होता. ती वाहत गेली. परत जाऊन सांगितलं, काही उरलं नाही.

मंगळवारी बापू उठून बसला. त्यानं पेज मागितली. मला बघून हसला. “कुलकर्ण्या, तुझ्या वनस्पतीनं धोबीपछाड मारला की! पण पाठ लागली न्हाय बघ.” वहिनींनी हात जोडून अंबाबाईची ओटी बोलली. मीही बोललो. बुधवारही चांगला गेला. गुरुवारी मी खाटेशी गेलो तर त्याच्या डोळ्यांचे पांढरे भाग हळदीसारखे झाले होते. तो मला ओळखत होता, पण शब्द लांबून यायला लागले होते. शनिवारी तो गेला. खाटेवर न मावणारा माणूस होता.

पुढं मोठ्या वयात एका डॉक्टरांना मी ‘समजा’ म्हणून सगळं विचारलं. ते म्हणाले, त्या काळी नमुना हातात असता तरी करता येण्यासारखं काही नव्हतं. एवढा दिलासा मला मिळाला. तो बापूपुरता आहे.

पाणी ओसरलं आणि तानाक्का मोळी घेऊन आली. तिला काहीच माहीत नव्हतं. तालमीतली आठ-दहा पोरं वाटच बघत होती. मोळी चिखलात गेली. टोपली तिच्या डोक्यावर मारली. “इखारी रांडं, आमचा बापू खाल्लास!” एकानं वंगणाचं डबडं आणलं होतं, तिच्या तोंडाला फासायला. भूपालअण्णा हात पसरून मध्ये उभे राहिले म्हणून ते राहिलं. मी खिडकीच्या गजांमागून हे सगळं बघितलं. माझं नाव कुणी घेत नव्हतं. उलट एकजण म्हणाला, “कुलकर्णी मास्तर बी मराय टेकला हुता.”

पांगापांग झाल्यावर अण्णा तिला म्हणाले, “बाई, आमच्यात अळंबीला हातच लावत न्हाईत, मला त्यातलं काय कळत न्हाय. पण तू आता हितं बसू नगंस. ही पोरं माझी वखार पेटवतील.”

ती माझ्या दाराशी आली. कपाळावर टोपलीची काडी लागून रक्त आलं होतं.

“मास्तर, त्या ऐतवारी मी आल्ते कुठं? पानी हुतं की रस्त्यावर.”

मी दाराची कडी चाचपत राहिलो.

“तुमास्नी ठावं हाय. तुमी दाराशी वाट बघत असशीला. व्हय का न्हाय?”

“तानाक्का, आत्ता लोक चिडलेत.”

“मला लोकांचं काय नगं. तुमी शिकल्यालं हाईसा. तालमीपुढं एकदा हुबं ऱ्हावा आनि एवडंच म्हना, त्या दिशी तानी न्हवती आली. बास. बाकीचं काय बी म्हनू नगा.”

तिनं मला वाचायची वाटसुद्धा ठेवली होती. ‘कुठून आणली’ असं कुणी विचारलं असतं तर दुसऱ्या कुणाचंही नाव घेता आलं असतं. तरीही मी घाबरलो. एक धागा ओढला की सगळं उसवेल असं वाटलं.

“उद्या येतो,” मी म्हणालो.

ती दुसऱ्या दिवशी तालमीपुढं येऊन उभी होती म्हणे, दुपारपर्यंत. मला ताप आला होता. खरा आला होता. पण मी जाऊ शकलो असतो.

त्यानंतर कोल्हापुरात तिची मोळीही कुणी घेईना. ‘विषारी तानी’ हे नाव रस्त्यावर पडलं ते पडलंच. इंदूवहिनी बऱ्या झाल्या आणि इचलकरंजीला भावाकडं निघून गेल्या. दर दिवाळीला त्यांचं पत्र यायचं. ‘भावोजी, तुम्ही होता म्हणून तेव्हा दवाखाना तरी दिसला. त्या बाईला देव बघून घेईल.’ मी दर दिवाळीला उत्तर लिहायचो. तब्येत कशी आहे, पाऊस कसा आहे. त्यांना जाऊनही आता वीस वर्षं झाली. त्या मला उपकारकर्ता मानतच गेल्या.

मी आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं. बुरशीचा धडा आला की शिळ्या पावावरची बुरशी दाखवायचो आणि लाकडावरच्या छत्र्यांची पानं ‘परीक्षेला नाही’ म्हणून उलटायचो. एखादा हुशार मुलगा डबीत घालून काही घेऊन आला की ती न उघडताच परत न्यायला सांगायचो. मुलांना वाटायचं, सर कडक आहेत.

तानाक्काच्या गावाला मी तीनदा निघालो. एकदा एस. टी. स्टँडवरून परत आलो. एकदा गावाच्या फाट्यावर उतरून, समोरून आलेल्या गाडीत बसलो. तिसऱ्यांदा, त्या श्रावणानंतर बारा-तेरा वर्षांनी, घरापर्यंत गेलो. ती सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीत, बसून शेंगा फोडत होती. डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा आला होता. मी समोर उभा राहिलो तरी तिला मी दिसलो नसेन, नुसती सावली दिसली असेल.

“कोन पावणं? कुठलं म्हनायचं?”

“कोल्हापूरचा.”

“बसा. ल्योक रानात गेलाय. सूनबाई, च्या टाक गं.” तिनं माझ्यापुढं मूठभर शेंगा सारल्या. “कोल्हापुरात मी येत न्हाय आता. लई वर्सं झाली.”

“का?” मी विचारलं. विचारायची लाजही वाटली नाही.

तिनं शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. “माझ्या हातनं एक मानूस मेलं तितं. पैलवान हुता. ड्रिल मास्तर.”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. “तुमच्या हातून?”

“आदी मी बी न्हाय म्हनायची. त्या ऐतवारी मी गेलीच न्हवती. पर मानसं सगळी म्हनत्यात, मंग इचार केला. आदल्या खेपंची ठिवली असंल तेनी घरात. त्यातलीच एखादी ऱ्हायली असंल बगायची. धूळ बगाय मीच चुकली असंन कवातरी.” तिनं टरफलं बाजूला सारली. “तवापास्नं लाकडावरच्या कशालाच हात न्हाय लावला. दर श्रावणात त्येच्या नावानं एक वाण देते बामनाला. त्येची बायकू कुठं असती, काय ठावं. तिच्या म्होरं जाऊन पाया पडावं म्हनत हुते, पर धीर न्हाय झाला.”

सुनेनं चहा आणून दिला. गुळाचा होता. माझ्या हातात कपबशी वाजत होती, तशी तानाक्का म्हणाली, “थंडी वाजतीया व्हय? पावसात भिजला असशीला. घोंगडं दिऊ का?”

मी चहा पिऊन उठलो. ती “कुनाकडं आल्ता वं?” असं मागून विचारत होती, आणि मी अंगणातून बाहेर पडून चालायला लागलो होतो. त्यानंतर पाच-सहा वर्षांनी ती गेल्याचं कळलं. तिनं उचललेलं ओझं तिच्याबरोबरच गेलं असेल.

त्या सोप्यात म्हणायचं ते जाताना वाटेत एस. टी.त चारदा घोकलं होतं. चारच वाक्यं होती. तानाक्का, मी कुलकर्णी मास्तर. ती अळंबी तुमची नव्हती, मी खुडली होती, आणि मला तेव्हाच शंका आली होती. तुमच्या हातून कधीच कुणी मेलं नाही. मला माफ करा.